देवघराच्या उंबऱ्याबाहेरचा तपस्वी

भाद्रपद लागला की हिरण्यकेशीकाठच्या आपल्या गडहिंग्लज नगरीत घरोघरी मखरे उभी राहतात, चौकाचौकांत मंडप पडतात, आणि सार्वजनिक मंडपांतून श्रींच्या मूर्तीशेजारी लोकमान्य टिळकांची तसबीर हार घालून ठेवलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. ते यथायोग्यच आहे. १८९३-९४ च्या सुमारास घरातील गणराय चौकात आणून बसविण्याच्या कार्यास लोकमान्यांनी जे बळ दिले, त्याचे ऋण आपणां सर्वांवर आहे. परंतु त्या तसबिरीपुढे हात जोडताना लोकमान्यांच्या दोन सोबत्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. त्यांपैकी एक ख्रिस्ती होता आणि दुसऱ्याने देव मानलाच नाही.

पहिले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले हे कॅथलिक गृहस्थ सर्वांचे ‘काका’ होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली ती आपल्या शेजारच्या बेळगावात, आणि तिचे अध्यक्षपद या ख्रिस्ती बॅरिस्टरांकडे सोपविण्यात आले. चिटणीस होते न. चिं. केळकर. आपल्याकडून संकेश्वरावरून बेळगावास जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. पुढे १९२५ साली काका मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९३० साली निवर्तले. त्यांची प्रभू येशूवरील निष्ठा स्वराज्याच्या कार्याआड आली नाही, आणि संध्यावंदन करणाऱ्या टिळकांसही ती कधी खुपली नाही.

दुसरे गोपाळ गणेश आगरकर. आजचे हे चरित्रकथन त्यांचे आहे. उत्सवाच्या पानावर नास्तिकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या मनात उभा राहील. तो रास्त आहे. पण आगरकरांचे निरीश्वरपण कोणत्या मातीत रुजले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही.

कराडनजीक कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे खेडे आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात गोपाळरावांचा जन्म झाला. बालपण कराडास आजोळी गेले. इंग्रजी शिक्षणाचा आरंभ तेथेच झाला. परंतु पुढे शिकावयास पैसा नाही, म्हणून कोवळ्या वयात कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिक्षणाची ओढ स्वस्थ बसू देईना, तेव्हा हा मुलगा कराडहून रत्नागिरीस पायी चालत गेला. तेथेही जम बसला नाही. अखेरीस वऱ्हाडात अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. तेथील मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या विद्यार्थ्याचे पाणी ओळखले होते. त्यांच्या प्रोत्साहनानेच गोपाळरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची वाट धरली. कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच अंगात चढवावयाचा, असे सांगतात.

असा मुलगा १८७८ साली बी. ए. झाला. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी म्हणजे घरी चालून आलेली लक्ष्मी होती. खेड्यात बसलेल्या आईच्या डोळ्यांपुढे मुलाच्या मोठ्या पगाराची चित्रे तरळत असतील, यात नवल नाही. गोपाळरावांनी मातोश्रींना पत्र लिहून कळविले की, ती आशा धरू नये. पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांच्या शिक्षणास द्यावयाचे त्यांनी ठरविले आहे. या पत्राचा उल्लेख आगरकरांच्या प्रत्येक चरित्रात येतो. आईने ते वाचवून घेतले त्या संध्याकाळचा उल्लेख मात्र कोठेच येत नाही. आपल्या घरांतील माताभगिनींना ती संध्याकाळ कल्पनेने दिसू शकेल.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बळवंतराव टिळकांशी गाठ पडली. वर्ड्‌स्वर्थ नावाचे विद्वान प्राचार्य तेथे होते. मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ विद्यार्थी झपाटल्यासारखे वाचीत. टिळकांनीही ते वाचले आणि गीतेवरील आपली निष्ठा त्या वाचनातून पार नेली. आगरकरांनी वाचले आणि त्यांची निष्ठा त्या प्रवाहात वाहून गेली. सृष्टीचे आदिकारण मनुष्याच्या बुद्धीस कळण्याजोगे नाही, मग जे कळत नाही त्याच्या नावाने नियम कोणी आणि कसे घालावयाचे, अशी त्यांची विचारसरणी झाली. पंडित या भूमिकेस अज्ञेयवाद म्हणतात. सामान्य लोकांनी सरळ नास्तिक म्हटले, आणि आगरकरांनी ते नाव खोडून काढण्याची खटपट केली नाही.

येथे त्या काळाची एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोल्हापुरात १८५२ सालापासून अमेरिकन मिशन येऊन बसले होते. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ साली तेथेच ख्रिस्ती झाले होते. घरच्या देवांवरील मन उडालेल्या सुशिक्षित तरुणासमोर दोन वाटा मोकळ्या होत्या : एक देवळाकडून चर्चकडे जाणारी, आणि दुसरी न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्या प्रार्थनासमाजाकडे जाणारी. दोन्ही ठिकाणी आधार होता, मंडळी होती, दुखल्याखुपल्यास विचारणारे कोणी होते. आगरकर यांपैकी कोठेच गेले नाहीत. जो निकष त्यांनी आपल्या पोथीस लावला तोच पाद्र्यांच्या पोथीस लावला. एक ईश्वरप्रणीत ग्रंथ टाकून दुसरा ईश्वरप्रणीत ग्रंथ उचलणे त्यांस मान्य होण्याजोगे नव्हते. हिंदूंच्या रूढींवर त्यांनी कठोर प्रहार केले हे खरे. पण ते घराबाहेर उभे राहून केले नाहीत. टेंभूच्या आगरकरांचा मुलगा म्हणूनच ते जगले, पागोटे-उपरण्यात वावरले, आणि शिव्याशापही आपल्याच लोकांकडून घेतले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले; एम. ए. होताच आगरकर त्यांस मिळाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. संपादक आगरकर होते. आज ‘केसरी’ म्हटले की टिळकच डोळ्यांपुढे येतात. पहिली जवळजवळ सात वर्षे मात्र ते पत्र या निरीश्वरवाद्याच्या हाती होते.

आणि येथे आपल्या करवीर राज्याचा संबंध येतो. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानातील एक पेटा होता. गादीवर दत्तक आलेले अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी महाराज होते, आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होत आहे, त्यांस वेडे ठरविण्याचा घाट आहे, अशा वार्ता सर्वत्र पसरल्या होत्या. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी छत्रपतींची बाजू घेऊन दिवाणांवर झोड उठविली आणि काही पत्रे पुराव्यादाखल छापली. ती पत्रे खोटी ठरली. संपादकांनी माफी मागितली, परंतु दिवाणांनी अब्रूनुकसानीची फिर्याद मागे घेतली नाही. १८८२ च्या जुलैमध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. या प्रकरणातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जामिनाची वेळ आली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी घेतली. जोतीराव निर्मिकास मानणारे आणि ब्राह्मणी धर्माचे कडवे टीकाकार. टिळक धर्मनिष्ठ ब्राह्मण. आगरकर काहीच न मानणारे. छत्रपतींच्या गादीसाठी हे तिघे एका बाजूस उभे होते.

डोंगरीच्या तुरुंगात दोघांस एकत्र ठेवले होते. दिवसच्या दिवस त्यांचे वाद चालत. देशाची सुधारणा प्रथम राज्यापासून की प्रथम घरापासून, हा त्या वादांचा मुख्य विषय. रात्री आवाज एवढे चढत की पहारेकऱ्यांना बजावावे लागे, असे सांगतात. सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते बाहेर आले. त्या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक लिहिले. ज्या छत्रपतींसाठी हे भोगले ते पुढील वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना मृत्यू पावले. वय अवघे वीस वर्षांचे. करवीरच्या जनतेसाठी तुरुंगात गेलेल्या पहिल्या संपादकांत एक नास्तिक होता, हे आपण गडहिंग्लजकरांनी तरी विसरू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे वाटा फुटल्या. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण यांविषयी आगरकरांची लेखणी ‘केसरी’त धगधगू लागली, आणि टिळकांस ते रुचेना. १८८७ साली आगरकरांनी संपादकपद सोडले. १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहत. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधातून मनुष्याने देव कसे कल्पिले याची चिकित्सा त्यांनी केली. ते निबंध आज वाचताना भाविक मनास टोचतात. त्यांतील काही युक्तिवाद आता जुने झाले आहेत आणि काही वेळा लेखकाची भाषा नको तितकी तिखट झाली आहे, हेही म्हटले पाहिजे. पण विधवेच्या डोक्यावरून वस्तरा फिरवू नका, असे जेव्हा ते सांगतात तेव्हा कोणत्या श्रद्धाळू घरातील आजी त्यांस चूक म्हणेल? त्या वेळी मात्र पुण्याने चूक म्हटले. सनातनी मंडळींनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. तिरडी त्यांच्या घरावरून नेली. घरात आगरकर होते, आणि सौभाग्यवती यशोदाबाईही होत्या.

त्याच सुमारास विलायतेत याहून वेगळा प्रकार घडून गेला होता. चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचे उघड निरीश्वरवादी गृहस्थ १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. देवाच्या नावाने घ्यावयाच्या शपथेवरून वाद होऊन त्यांस आपली जागा मिळावयास १८८६ साल उजाडावे लागले. मतदार मात्र त्यांनाच पुनःपुन्हा निवडून देत राहिले. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले, तेव्हा हिंदुस्थानचा कैवारी म्हणून त्यांचे अपूर्व स्वागत झाले. त्याच अधिवेशनास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. गंध लावलेले शेकडो प्रतिनिधी त्या मंडपात बसले होते आणि नास्तिक इंग्रजाच्या नावाने टाळ्या वाजवीत होते. १८९१ साली ब्रॅडलॉ वारले. त्यांच्या अंत्यविधीस हजर असलेल्यांत लंडनात बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एक रामभक्त तरुण होता, मोहनदास करमचंद गांधी.

परक्या नास्तिकाचे असे स्वागत होत असता घरच्या नास्तिकाची तिरडी निघत होती. याचे कारण उघड आहे. ब्रॅडलॉ आपल्या स्वयंपाकघरात डोकावत नव्हते. आगरकर डोकावत होते.

स्वयंपाकघराचे सोवळे त्या वेळी किती नाजूक होते, हे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये कळून आले. व्याख्यानानिमित्त तेथे जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला पुढे ओढला. गोपाळराव जोशी यांनी खोडसाळपणाने साऱ्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. बहिष्काराचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले. पुण्याकडील असले धर्मनिर्णय त्या काळी आपल्या शेजारच्या संकेश्वर-करवीर पीठाकडे येत. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली, मित्रमंडळींची घरगुती कुचंबणा पाहून, प्रायश्चित्त घेतले. एका चहाच्या पेल्याने एवढे रण माजत होते, तर ज्याने प्रायश्चित्ताचे मूळच अमान्य केले त्याच्या घरातील स्त्रियांना शेजारपाजारच्या हळदीकुंकवास काय सोसावे लागले असेल?

यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. देवपूजा, व्रतवैकल्ये, सोवळे-ओवळे यांत त्या वाढल्या होत्या आणि लग्नानंतरही त्यांनी ते सोडले नाही. आगरकरांनी सोडावयास लावले नाही. बाहेर लेखणीने रूढींवर घाव घालणारा हा मनुष्य घरी पत्नीच्या देवघराचा उंबरा ओलांडून आत गेला नाही आणि देवघर त्याने बंदही करविले नाही. काही सुधारकांनी याबद्दल त्यांस दोष दिला. जे लिहिले ते प्रथम घरी करून दाखवावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटत नाही. पत्नीवर सक्ती करून तिचा देव हिरावून घेणारा सुधारक आणि सुनेवर सक्ती करून तिचे केस उतरविणारा सनातनी यांत फारसे अंतर राहिले नसते. व्यक्तीच्या मनावर दुसऱ्याचा ताबा नसावा, ही आगरकरांची शिकवण. तिचा पहिला लाभ त्यांच्या घरातील श्रद्धेस मिळाला.

तुलनेसाठी त्याच वर्षांतील दुसरे घर पाहावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले. कवी मनाचा, शुद्ध अंतःकरणाचा तो पुरुष होता. येशूचा ध्यास त्यांस खरोखरच लागला होता. पण त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांचे आयुष्य एका दिवसात उन्मळून पडले. कित्येक वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. अखेर पतीजवळ परतून १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही सारी कहाणी आहे, आणि ती ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. धर्म बदलला की जेवणाची पंगत, माहेर, मुलांची लग्ने सारे बदलत होते. आगरकरांनी श्रद्धा सोडली, तरी यशोदाबाईंचे माहेर तुटले नाही; पण नवऱ्याच्या नावाची तिरडी त्यांच्या दारावरून गेली. कोणते दुःख मोठे, याचा न्याय आपण कसा करावा?

१८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि पुढील वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून दोघे मित्र उघड शत्रूंसारखे लढले. १८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे निवर्तल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पद मोठे, परंतु वेतन आजीव सदस्याचे, बेताचे. दम्याचा विकार जुना होता, तो बळावत गेला. रात्र-रात्र बसून काढावी लागे. सकाळी पुन्हा वर्ग, पुन्हा ‘सुधारक’चा मजकूर. परलोक, पुनर्जन्म, पुण्यसंचय यांपैकी कशाचीही आशा ज्यास नाही, त्याने एवढे कशाच्या बळावर सोसले, याचे कोडे भाविक मनास पडते. गीतेतील निष्काम कर्माचा मार्ग आपण रोज ऐकतो. फळाची आशा ज्याने समूळ टाकली असा पुरुष त्या वेळच्या पुण्यात शोधावयास गेले, तर तो गीता न मानणाऱ्यांत सापडतो. आगरकरांस हे वाक्य आवडले नसते, हे आम्ही जाणून आहोत.

१८९५ च्या जूनमध्ये प्रकृती हाताबाहेर गेली. आजारीपणात टिळक भेटीस येऊन गेले, जुन्या गोष्टी निघाल्या आणि दोघांचे डोळे भरून आले, असे सांगतात. १७ जूनला आगरकर गेले. वय ३९ पुरे नव्हते. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली. तीत थोडे पैसे बांधून ठेवले होते आणि ते आपल्या प्रेतदहनासाठी आहेत असे लिहिले होते. मरणानंतरचा खर्च कोणावर, विशेषतः यशोदाबाईंवर, पडू नये ही त्यांची व्यवस्था. पुण्याने त्यांची अंत्ययात्रा एकदा फुकट काढली होती. ही दुसरी त्यांनी स्वतःच्या पैशाने नेली.

‘केसरी’चा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. एरवी मजकूर सांगताना न थांबणारे टिळक त्या दिवशी पुनःपुन्हा थांबत होते, मधूनमधून डोळे पुशीत होते, आणि एवढासा लेख पुरा व्हावयास कित्येक तास लागले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगून ठेवले आहे.